जवाईबापूंची स्पेशल लाईन

प्रफुल्ल नेटवर्क इंजिनियर होता हे पांढुर्ण्यातल्या त्याच्या सासुरवाडीच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, आणि खरी गोची तिथंच होती. साधा जवाई असता तर त्यानं स्पीकर वाजवला काय अन् नाही वाजवला काय, कोणी विचारलं नसतं. पण नागपूरच्या कंपनीत चार मजल्यांचं नेटवर्क सांभाळणारा गडी सासऱ्याच्या बैठकीत, कूलरसमोर, पाटावर मांडी घालून बसला आहे आणि त्याच्या हातातला फोन त्याला पुन्हा पुन्हा सांगतो आहे की बाबा रे, या घरात स्पीकर नावाची वस्तूच नाही! स्पीकर कुठं? तर समोर. टीव्हीच्या शेजारी, विणलेल्या रुमालावर, देवासारखा मांडून ठेवलेला. हात लांब केला तर कान धरता आला असता त्याचा.

बरं, तो स्पीकर आणला तरी कोणी? यानंच. दिवाळीत दोन आणले होते, एक बैठकीत ठेवायला अन् एक स्वयंपाकघरात; जोडताना मात्र याला कोणी हात लावू दिला नव्हता. सासूबाई वच्छलाबाईंना गाण्याचं भारी वेड, म्हणून.

"काय झालं जीजाजी? ओळख देऊन नाई राहिला का तुमाले?" सोफ्यावरून अक्षयनं विचारलं.

अक्षय हा प्रफुल्लच्या बायकोचा, अश्विनीचा, चुलतभाऊ, नदीपलीकडच्या सावरगावचा. तिथं त्याचं मोबाईलच्या सामानाचं दुकान. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवरच्या गोटमारीत पांढुर्ण्याकडे दगड मारताना जो नेम लागतो तो सावरगावची माणसं वर्षभर जिभेवर सांभाळून ठेवतात, त्यातला हा. त्यानं फोनवर बोट टेकवलं की त्याच स्पीकरमधून गाणं सुरू. पुन्हा टेकवलं की बंद. सकाळपासून हा खेळ त्यानं तीनदा करून दाखवला होता.

"सापडून जाईल," प्रफुल्ल म्हणाला. "जरा डिस्कव्हरीचा प्रॉब्लेम आहे."

"हाव नं. डिस्कव्हरीचाच असन," अक्षय म्हणाला आणि उगीचच छताकडे पाहू लागला.

महिना होता अधिकाचा. धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो आणि जवायाला देव करून सोडतो. प्रफुल्लच्या लग्नाला अडीच वर्षं झालेली, त्यामुळे हा त्याचा पहिलाच धोंडा, अन् त्याचा थाट काय विचारता! सकाळी उंबऱ्यावरच पायांवर पाणी. मग नवा टॉवेल. मग पाट, पाटाभोवती रांगोळी, तेहतीस अनारश्यांचं ताट, आत कढईत धोंडे तळून चाललेले. बाहेर मे महिन्याचं ऊन अंगणातल्या फरशीवर पापड भाजत होतं, आणि आत प्रफुल्लला घोटभर पाणी पाहिजे झालं तरी सासरे गजाननराव स्वतः उठत होते.

"तुम्ही बसा जवाईबापू. तुम्ही काहून उठता?"

हे 'तुम्ही बसा' प्रफुल्लनं अडीच वर्षं ऐकलं होतं. एकदा, लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात, कूलर कोरडा पडला म्हणून तो बिचारा बादली घेऊन उठला, तर घरात आग लागल्यासारखा कल्ला झाला. गजाननरावांनी हातातून बादली ओढून घेतली. "जवायाले पाणी भरायले लावू का आता मी? लोक काय म्हणतीन?" त्या दिवसापासून प्रफुल्ल या घरात बसूनच होता. गजाननराव त्याच्याशी पीकपाण्याबद्दल बोलत, हवामानाबद्दल बोलत, नागपूरच्या उड्डाणपुलांबद्दल तर फारच बोलत. घरातलं काही बोलायचं झालं की सगळे आत जात. हा बैठकीत, समोर चिवड्याची प्लेट. आदराचा असा मारा चालू की माणसानं तक्रार तरी कोणत्या तोंडानं करावी?

आणि प्रफुल्लला तर या घरात घुसायचं होतं. लाज सोडून सांगायचं तर त्याला या घरचं व्हायचं होतं. वडील लहानपणीच गेलेले, बोरगावला आई अन् तो, दोघंच वाढलेले. त्याला सासरा पाहिजे होता तो शिव्या घालणारा, काम सांगणारा. मिळाला टॉवेल देणारा.

त्याचं कारण म्हणे लग्न. गजाननराव कचेरीतून टायपिस्ट म्हणून रिटायर झालेले, त्यांनी पोरीसाठी सरकारी नोकरीवाला पाहून ठेवला होता. पोरीनं नागपुरात शिकता शिकता बोरगावचा हा प्रफुल्ल हुडकला. मग महिनाभर घरात जे रामायण झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं, फक्त प्रफुल्लनं नाही. शेवटी लग्न लागलं, आणि लग्न लागलं त्या घडीपासून गजाननराव असे काही नम्र झाले की प्रफुल्लला वाटायचं, अजून राग गेलेला नाही. राग असलेला माणूसच इतका गोड बोलतो.

तर आज त्यानं एक डाव आखला होता. वच्छलाबाईंचं माहेर रामाकोना. तिथल्या भजनी मंडळात पोरसवदा असताना त्या गवळणी म्हणायच्या, आणि कोण्या हौशी माणसानं त्या वेळी एक कॅसेट भरून ठेवली होती, एवढं अश्विनीच्या बोलण्यात एकदा आलं होतं. प्रफुल्ल गुपचूप रामाकोन्याला गेला, मामेसासरे केशवरावांच्या माळ्यावर चढला, उंदरांच्या तावडीतून ती कॅसेट सोडवली आणि नागपुरात एका जाणत्या माणसाकडून साफ करून फोनमध्ये घेतली. वच्छलाबाई ओवाळायला ताट घेऊन समोर आल्या की स्पीकरवर ती गवळण लावायची. बस. या घरात काही देण्याची ही पहिलीच संधी होती, आणि ती त्याला आपल्या हातानं द्यायची होती.

आणि मेला स्पीकरच दिसेना.

"मले पाठवा नं जीजाजी ते गाणं," अक्षय म्हणाला. "मी वाजवतो. एका मिनटाचं काम."

"नको." प्रफुल्लचं उत्तर जरा जोरातच गेलं. अक्षयनं वाजवायचं? त्यापेक्षा त्यानं स्वतः उभं राहून गवळण म्हटली असती.

तो पुन्हा कामाला लागला. फोन बंद करून चालू केला. ॲप काढून टाकलं, पुन्हा घातलं. ऑफिसचं व्हीपीएन चालू राहिलं असेल म्हणून पाहिलं, ते बंदच होतं. आसपासची उपकरणं शोधायची परवानगी फोननं ॲपला दिली आहे का ते पाहिलं, तीही दिलेली. ब्लूटूथ, लोकेशन, सगळं चालू करून झालं. फोन गरम झाला, प्रफुल्ल गरम झाला, स्पीकर रुमालावर थंड.

"स्पीकरच रिसेट मारतो," असं म्हणून तो उठायला लागला तोच आतून झारा घेऊन वच्छलाबाई बाहेर आल्या.

"हात नका लावू बापू त्याले! पहाटेची काकडआरती लावलेली आहे त्याच्यात. अक्षयनं सेट करून देल्ली. ते गेलं म्हणजे माही सकाळ गेली."

"तुम्ही बसा जवाईबापू," गजाननराव म्हणाले.

प्रफुल्ल बसला.

"पण होते काय नेमकं?" वच्छलाबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "अक्षयच्या फोनले दिसते, यायच्या फोनले दिसते, माह्या फोनले दिसते. तुमच्याच फोनचं काय घोडं मारलं त्यानं?"

"आई, त्याचं असं असते," प्रफुल्ल समजावून सांगू लागला, कारण समजावून सांगताना तरी तो इंजिनियर वाटत होता. "फोन घरात हाक मारते, 'कोणी आहे का वाजवणारं?' स्पीकर ओ देते, 'हाव, मी आहो बैठकीत.' मग दोघायचं जमते. पण हाक ऐकू याले दोघं एकाच अंगणात पाहिजे. मधात भिंत असली का हाक पोहोचतच नाही."

"अन् तुमी तर अंगणातच आहा की."

"तेच तर कळून नाई राहिलं."

यावर गजाननराव खाकरले आणि त्यांनी फोन काढून कोणाला तरी मेसेज लिहायला घेतला. त्यांची एक सवय होती. कचेरीत टाईपरायटरवर आयुष्य गेलं, आणि टाईप करताना अक्षर न् अक्षर तोंडानं बोलायचं हे हाडात मुरलेलं. फोनवर लिहितानाही तसंच. "के, ए, एस, ए... ए, ए, एच, ई..." सगळ्या बैठकीला ऐकू जाईल अशी खुशाली ते विचारत, आणि कोणाला काय कळवलं हे घरात कोणापासून लपून राहत नसे. त्यांना मात्र वाटायचं की आपण मनात बोलतो.

प्रफुल्लनं फोनवर वायफाय पुन्हा उघडून पाहिलं. सिग्नल पूर्ण. नाव तेच, 'जवाईबापू', इंग्रजी मोठ्या अक्षरांत.

होय. नाव 'जवाईबापू'. गजाननरावांनी घरच्या वायफायला त्याचं नाव दिलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा त्यांनी हे नाव दाखवून पासवर्ड सांगितला, आणि प्रफुल्ल इतका हरखला की त्याचा फोटो काढून त्यानं मित्रांना पाठवला. अख्ख्या घराचं वायफाय आपल्या नावानं! वाटलं, चला, वरवर काही असो, आत कुठंतरी म्हाताऱ्यानं आपल्याला जागा दिली आहे. अडीच वर्षं तो या एका गोष्टीवर तग धरून होता.

"राउटर पाहतो एकदा," तो सासऱ्यांना म्हणाला. "मामाजी, राउटरचा पासवर्ड सांगा जरा. आत शिरून सेटिंग पाहतो."

गजाननरावांचा चेहरा एकदम कचेरी बंद झाल्यासारखा झाला. "कायले उगाच डोक्याले ताप जवाईबापू? राहू द्या. गाणं काय, जेवल्यावर ऐकू. धोंडे थंडे होऊन राहिले."

"दोन मिनटं लागतीन."

"अहो तुम्ही बसा ना!"

आणि इथं प्रफुल्लच्या लक्षात काही गोष्टी आल्या. एक म्हणजे अक्षय छताकडे फार वेळ पाहत होता आणि त्याचे खांदे हलत होते. दुसरी म्हणजे अश्विनी. एरवी बैठकीत येऊन 'अहो, झालं का?' म्हणत डोकं खाणारी त्याची बायको आज सकाळपासून स्वयंपाकघराबाहेर आलेली नव्हती. जिला नागपुरात गॅससमोर पाच मिनटं उभं राहवत नाही, ती आज तळणाला चिकटली होती.

"अक्षय, तुझा फोन दे."

"घ्या नं," अक्षय म्हणाला. इतका आनंदानं फोन देणारा माणूस प्रफुल्लनं आजवर पाहिला नव्हता.

त्यानं दोन्ही फोन मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि नेटवर्कमध्ये दोघांना मिळालेले पत्ते पाहिले. असले पत्ते तो दिवसभर पाहायचा, त्यामुळे कळायला वेळ लागला नाही. अक्षयचा फोन एका गल्लीत राहत होता अन् त्याचा दुसऱ्याच. राउटर एक, घर एक, गल्ल्या दोन. अक्षयच्या फोनवर वायफायचं नावही वेगळं होतं, 'घागरे निवास'. प्रफुल्लच्या यादीत हे नाव कधी आलंच नव्हतं, कारण ते लपवून ठेवलेलं होतं. माहीत असलेल्यानं हातानं टाकलं तरच दिसणारं.

त्याला चटका बसला. असं वेगळं नेटवर्क तो स्वतः कंपनीत लावायचा. रिसेप्शनवर बसलेल्या बाहेरच्या माणसांसाठी. चहा द्या, इंटरनेट द्या, पण आतलं काही दिसू देऊ नका. मुद्दाम लावलेली भिंत असते ती.

"मामाजी," तो म्हणाला. "या घरात दोन वायफाय आहेत?"

आत कढईत काहीतरी पडलं.

"ते... तुमची स्पेशल लाईन आहे जवाईबापू," गजाननराव म्हणाले. "खास तुमच्यासाठी अक्षयकडून करून घेतली. घरचे सारे एकाच लाईनवर, टीव्ही बी त्याच्यावर, कॅमेरा बी त्याच्यावर. तुमाले कामाच्या मिटिंगा असतात. आमच्या भाऊगर्दीत तुमाले कायले कोंबा?"

"म्हणजे हे घराचं वायफाय नाही."

"त्याच्याहून चांगलं आहे!"

प्रफुल्लनं दोन्ही फोन बाजूला ठेवले. कोणाला सांगावं तर हसतील असं दुःख होतं ते. वायफायसाठी रडणारा जवाई! पण तो बोलला, आणि मनात होतं तेच बोलला. "मामाजी, मले चांगलं नाही पाहिजे. मले तुमच्या भाऊगर्दीतच कोंबा. अडीच वर्षं झाले, मी पाहुण्यावाणी बसून आहो. मित्रायले सांगत फिरलो का सासऱ्यानं घरच्या वायफायले माहं नाव देल्लं म्हणून. अन् तुम्ही मले रिसेप्शनवर बसवून ठेवलं."

"कशावर?" गजाननराव म्हणाले.

"द्या हो त्यायले पासवर्ड!" वच्छलाबाई झारा हलवत म्हणाल्या. "लेकरू सकाळपासून घामाघूम होऊन राहिलं."

"वच्छले, तुले समजून नाई राहिलं..."

"सारं समजते मले. आज ना उद्या द्यावाच लागन."

गजाननरावांनी बायकोकडे पाहिलं, अक्षयकडे पाहिलं, मग देवघराकडेही पाहिलं. कुठूनच मदत आली नाही. शेवटी त्यांनी हात पुढं केला. "आणा इकडे फोन. मी टाकून देतो. तुम्ही बसा."

प्रफुल्लनं वायफायचं नाव टाकून दिलेला फोन घेऊन ते खिडकीशी गेले. सगळ्यांकडे पाठ केली, फोन छातीशी धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटानं टाईप करू लागले. कोणाला काही दिसू नये याची एवढी काळजी त्यांनी घेतली की विचारू नका. तोंडाचं मात्र त्यांना भानच राहिलं नाही.

"बी... ओ... आर..."

अक्षयनं उशी तोंडात कोंबली.

"जी... ए... ओ... एन..."

बोरगाव! प्रफुल्ल हरखला. आपलं गाव! म्हाताऱ्यानं घरच्या वायफायचा पासवर्ड आपल्या गावाच्या नावानं ठेवला, अन् आपण त्याला काय काय बोललो! लाज वाटून तो पाटावरच चुळबुळला.

"एम... ए... के... ए... डी..."

तो चुळबुळायचा थांबला.

"चार. दोन. शून्य," गजाननराव म्हणाले, आणि समाधानानं वळले. "झालं बघा. लागलं." मग त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले.

बोरगाव माकड चारशे वीस.

एवढा वेळ न दिसलेला स्पीकर तेवढ्यात फोनच्या पडद्यावर उमटला. एकच नाही, दोन्ही. बैठक आणि स्वयंपाकघर, नावागावासह. प्रफुल्लनं फोन हातात घेतला, पाहिला, खिशात टाकला, आणि कोणी 'तुम्ही बसा' म्हणायच्या आत उठून मागच्या दारानं अंगणात गेला.

तिथं ऊन नुसतं तडतडत होतं. तो मोरीशेजारच्या हातभर सावलीत उभा राहिला. अडीच वर्षं ही माणसं पायांवर पाणी घालून राहिली होती आणि टीव्ही लावताना, गाणं लावताना, पाहुणा आला की त्याच्या फोनवर, हाच मंत्र टाकून राहिली होती. त्याला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

अश्विनी मागून आली. हाताला पीठ तसंच.

"तुले माहीत होतं," तो म्हणाला.

"मी तर अडीच वर्षं टाकून राहिली. माह्याच नवऱ्याच्या नावानं चारशे वीस."

"हसू नको."

"हसून नाई राहिली. ऐक. बाबानं तो लग्नाच्या आधी ठेवला, ज्या दिवशी मी घरात तुझं नाव काढलं त्या दिवशी. लय चिडले होते. अक्षय नेमका राउटर लावून राहिला होता, त्यानं विचारलं काका पासवर्ड काय ठेवू, तर बाबाच्या तोंडून हेच निघालं. अन् त्यानं बी तसाच ठेवला, नालायकानं." तिनं मनगटानं कपाळावरचा घाम पुसला. "मग लग्न झालं. तू पहिल्यांदा राहायले आला, बाबाचं बीपी वाढलं त्या रात्री तू त्यायले गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आठवते? सकाळी तू उठून विचारलं, वायफायचा पासवर्ड काय. बाबा इतके घाबरले का काही पुसू नको. तसेच अक्षयकडे गेले, म्हणे हे नाव लपव, अन् जवायाले वेगळी लाईन काढून दे. बदलून टाका म्हटलं तर म्हणे साऱ्या घराचं पुन्हा जोडा लागते, मग पाहुणे विचारतीन, शेजारी विचारतीन, गोष्ट निघन. माणूस रागानं बोलून गेला अन् मग लाजेनं मरून राहिला रे. तुले 'तुम्ही तुम्ही' करते ना, ते रागानं नाही. प्रत्येक वेळी टीव्ही लावला का त्यायले तो पासवर्ड आठवते, अन् मग ते तुले अजून एक टॉवेल देतात."

प्रफुल्लच्या कपाटात सासुरवाडीचे टॉवेल मावत नव्हते. ते सगळे त्याच्या डोळ्यांसमोर आले आणि त्याला नको असतानाही हसू फुटलं.

तो आत आला तेव्हा गजाननराव त्याच्या पाटाशेजारी खाली जमिनीवर बसले होते. खुर्ची सोडून, फरशीवर. अक्षयला एव्हाना वच्छलाबाईंनी धोंड्यांच्या कढईसमोर उभं केलं होतं, शिक्षा म्हणून.

"मी तेव्हा..." गजाननरावांनी सुरुवात केली. "तेव्हा मी तुमाले ओळखत नव्हतो जवाईबापू."

"आता ओळखता का?"

त्यांनी मान हलवली, पण मान वर केली नाही. प्रफुल्ल पाटावर बसला. त्यानं वच्छलाबाईंना हाक मारली. "आई, या ओवाळायले."

त्या ताट घेऊन आल्या. निरांजन वर उचललं तोच प्रफुल्लनं बोट टेकवलं आणि दोन्ही स्पीकर एकदम बोलले. आधी खरखर, मग मृदंग, मग एका पोरीचा आवाज. कोवळा, जरा नाकातला, पण सुराला घट्ट. मागं बायाबापड्या धरतात त्या ओळी, मधेच कोणाचं तरी खोकणं.

वच्छलाबाईंचा हात हवेतच थांबला.

"माय!" त्या म्हणाल्या. "हे तर मी आहो. हे रामाकोन्याचं आहे. हा खोकला बाबुरावकाकाचा!" ताट तसंच हातात, डोळ्यांतलं पाणी गालावर, आणि ओठ आपोआप त्या गवळणीचे शब्द म्हणू लागलेले. साठीच्या वच्छलाबाई आणि चौदा वर्षांची वच्छी, दोघी एकाच बैठकीत गात होत्या.

गजाननराव बायकोकडे पाहत राहिले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, त्यांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता. लग्नानंतर सासरी कोण म्हणते गवळण? गाणं संपलं तेव्हा त्यांनी नाक ओढलं, आणि प्रफुल्लला म्हणाले, "कुठून आणलं हे?"

"केशवमामाच्या माळ्यावरून. उंदीर होते तिथं."

"तुम्ही माळ्यावर चढले?"

"माकड आहे ना मी," प्रफुल्ल म्हणाला.

क्षणभर कोणाला कळेना हसावं की काय. मग सगळ्यात आधी वच्छलाबाईच हसल्या, ताटातलं निरांजन विझेपर्यंत हसल्या, आणि मग अश्विनी, आणि स्वयंपाकघरातून अक्षय. गजाननराव हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

"बदलून टाका तो," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. सारं पुन्हा जोडा लागलं तरी चालते. घ्या राउटरचा पासवर्ड." आणि त्यांनी तो सांगितला, सगळ्यांसमोर, आवाज न दाबता.

प्रफुल्ल राउटरच्या सेटिंगमध्ये शिरला. दोन मिनटं काहीतरी केलं आणि फोन खाली ठेवला.

"बदलला?"

"एक लाईन बंद केली. जवाईबापूवाली."

"अन् घरचा? त्याचा पासवर्ड?"

"राहू द्या मामाजी. साऱ्यायले पाठ आहे. आता तर मले बी झाला."

गजाननरावांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. इतकं सरळ त्यांनी त्याच्याकडे अडीच वर्षांत पाहिलं नव्हतं. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, खुर्चीत जाऊन बसले, आणि कूलरकडे हात करून एकदम ओरडले, "अबे मग बसून काय राहिला माकडा! कूलर कोरडा पडून राहिला, आंधळा आहेस का? उठ, पाणी टाक!"

प्रफुल्ल असा उठला की पाट उलटला अन् अनारसे रांगोळीत गेले. त्यानं मोरीतली बादली भरून आणली, कूलरमध्ये ओतली, पुन्हा आणली, पुन्हा ओतली. टाकी केव्हाच भरली होती. पाणी बैठकभर पसरलं, तरी त्याची तिसरी बादली चाललीच होती, आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले गजाननराव त्याला मनसोक्त शिव्या घालत होते.

अश्विनीनं दारातून फडकं फेकलं. "घ्या. पुसा आता."

तो फरशीवर बसून पुसू लागला. 'तुम्ही बसा' असं कोणीच म्हणालं नाही.